गोळीला घाबरायचं की आजाराला?

"ताई, मेथोट्रेक्सेटने कॅन्सर होतो का हो?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की शेवटी एकदाच नीट लिहून टाकावं म्हटलं. मला स्वतःला आमवात आहे, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस किंवा नुसतं आरए म्हणतात तो, आणि मेथोट्रेक्सेट ही त्यावरची नेहमीची गोळी. आमच्या संधिवातवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मधूनमधून कुणीतरी गोळ्यांच्या पाकिटातला तो कागद उलगडून फोटो टाकतं, बारीक अक्षरातल्या लिम्फोमा या शब्दाभोवती लाल गोल केलेला असतो, आणि मग खाली एकेक जण लिहायला लागतं की मी तर आता बंदच करते, माझ्या जाऊबाईंनी पण बंद केली, अमुक काढ्याने बरं वाटतं वगैरे. मला ते वाचून अक्षरशः पोटात गोळा येतो. कारण कागदावरचा शब्द खोटा नाहीये, आमवात आणि लिम्फोमा यांचा संबंध खराच आहे, पण तो संबंध बहुतेकांना वाटतो तिथे नाहीये.

आधी लिम्फोमा म्हणजे काय ते. आपल्या अंगात गळ्यात, काखेत, जांघेत, छाती-पोटात छोट्या छोट्या लसिका ग्रंथी असतात, जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती हीच ग्रंथी सुजलेली असते. तिथे राहणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे लिम्फोसाइट्स, बेताल वाढायला लागल्या की तो लिम्फोमा, म्हणजे त्या पेशींचा कॅन्सर. त्याचे खूप प्रकार आहेत, काही वर्षानुवर्षं सुस्त पडून राहतात आणि काही भराभर वाढतात. आमवातवाल्यांमध्ये जास्त करून दिसतो तो डिफ्यूज लार्ज बी सेल नावाचा, हा भराभर वाढणाऱ्यातला आहे, पण लक्षात ठेवा, बऱ्याच जणांमध्ये औषधांनी पूर्ण बरा होऊ शकणाऱ्यातलाही आहे.

आता संबंध कुठे आहे ते बघा. १९७८ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी आमवाताच्या ४६ हजारांहून जास्त पेशंटांची माहिती देशाच्या कॅन्सर नोंदणीशी ताडून पाहिली आणि त्यांना लिम्फोमा, ल्युकेमिया आणि मायलोमा अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. १९७८ हे साल मी मुद्दाम सांगतेय. मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली १९८८ मध्ये, आणि ती महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं तर त्याच्याही दहा वर्षांनंतर आली. म्हणजे ज्या गोळीला आपण सगळा दोष देतो ती आमवातासाठी रुळायच्या आधीपासून लिम्फोमाचं हे जास्तीचं प्रमाण दिसत होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या डोक्यातलं सगळं चित्रच उलटंपालटं झालं.

त्यानंतर खूप अभ्यास झाले आणि बहुतेकांचा निष्कर्ष साधारण एकच, की आमवात असलेल्या माणसाला लिम्फोमाचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. दुप्पट म्हटलं की छातीत धस्स होतं, म्हणून हिशोब मांडते. भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं प्रमाण वर्षाला लाख माणसांमागे साधारण दोन-तीन असं आहे, वय वाढेल तसं ते वाढतं हे खरं, पण सरासरी धरली तर दुप्पट म्हणजे लाखात चार ते सहा. उरलेल्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वदच्या वर लोकांना त्या वर्षी लिम्फोमा होत नाही.

पण ही झाली सरासरी, आणि या सरासरीच्या पोटात काय दडलंय हे स्वीडनच्या लोकांनी शोधून काढलं, आणि मला विचाराल तर आमवात असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच हवं. तिकडे प्रत्येक माणसाच्या आजारपणाची नोंद देशपातळीवर नीट ठेवलेली असते, त्यामुळे इव्हा बेकलुंड या डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताच्या सुमारे ७५ हजार पेशंटांमधून लिम्फोमा झालेले ३७८ जण शोधले, त्यांच्या जोडीला लिम्फोमा न झालेले तेवढेच आमवाताचे पेशंट घेतले, आणि सगळ्यांच्या जुन्या केसफाइली काढून पाहिलं की कुणाचा आजार किती वर्षं किती धुमसत होता. २००६ मध्ये हे छापून आलं. ज्यांचा आमवात कायम शांत राहिला त्यांच्याशी तुलना केली तर मध्यम धुमसणाऱ्यांमध्ये लिम्फोमाची शक्यता साधारण ८ पट आणि सगळ्यात जास्त धुमसणाऱ्यांमध्ये ७० पट निघाली. सत्तर! म्हणजे ते दुप्पट सगळ्यांमध्ये सारखं वाटलं गेलेलं नव्हतंच, ते मुख्यतः एका टोकाला साचलेलं होतं, ज्यांच्या सांध्यांची सूज वर्षानुवर्षं उतरलीच नाही त्यांच्याकडे. आणि मेथोट्रेक्सेट? त्याचा लिम्फोमाशी संबंध त्या अभ्यासात सापडला नाही. उलट ज्यांना स्टिरॉइड मिळालं होतं त्यांच्यात लिम्फोमा कमीच दिसला, म्हणजे सूज आटोक्यात ठेवण्याचा फायदा होत असावा याला अजून एक दुजोरा. (म्हणून मनाने स्टिरॉइड खाऊ नका, त्याबद्दल पुढे सांगते.)

कुणी म्हणेल की हे रक्तातच असेल, घराण्यात असेल, ज्या जीन्समुळे आमवात होतो त्यांच्यामुळेच लिम्फोमा. तेही तपासलंय. स्वीडनमध्येच २००३ साली आमवात असलेल्यांच्या आईवडील, भावंडं, मुलं यांच्याकडे पाहिलं, तर पेशंटांमध्ये धोका दुप्पट होता पण नातेवाईकांमध्ये तो वाढलेला नव्हता. म्हणजे मुख्य संशय परत आजाराकडेच, त्या इन्फ्लमेशनकडेच, म्हणजे आत धुमसणाऱ्या सुजेकडेच येतो.

का होत असेल असं? मला समजलंय तसं सांगते. आपल्या बी पेशी, म्हणजे लिम्फोसाइट्सचाच अँटीबॉडी बनवणारा प्रकार, लसिका ग्रंथींमध्ये अँटीबॉडी सुधारण्यासाठी स्वतःच्याच डीएनएमध्ये मुद्दाम छोटे बदल करतात आणि पटापट दुप्पट होत जातात. एखादं इन्फेक्शन आलं, काम झालं, पेशी शांत झाल्या, असं नॉर्मल माणसात होतं. आमवातात शत्रू म्हणजे आपलंच शरीर, तो काही संपत नाही, त्यामुळे हे काम वर्षानुवर्षं चालूच राहतं, ग्रंथींमध्ये आणि सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातसुद्धा. रात्रंदिवस झेरॉक्स मशीन चालू ठेवलं की कधीतरी एखादं पान चुकीचं निघणारच, तसं. त्यात एपस्टाइन-बार नावाचा व्हायरस, जो मोठेपणी दहातल्या नऊ जणांच्या अंगात निपचित पडलेला असतो आणि बी पेशींमध्येच राहतो, त्याच्यावरचा शरीराचा पहारा आमवातात जरा ढिला पडतो.

आणि इथेच मेथोट्रेक्सेटची खरी बाजू पण सांगायला हवी, कारण कागदावर तो शब्द उगीच नाही छापलेला. १९९३ च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आलं की मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या काही थोड्या पेशंटांना या व्हायरसशी जोडलेला लिम्फोमा होतो, आणि गोळी थांबवली की त्यातल्या काहींची गाठ कीमो न देता आपोआप विरघळते. जपानमधून अशा केसेस बऱ्याच नोंदवल्या गेल्यात. म्हणून मेथोट्रेक्सेटवर असताना लिम्फोमा निघाला तर डॉक्टर बरेचदा आधी ती गोळी थांबवून, शक्य असेल तर, काही आठवडे वाट बघतात. हे खरं आहे पण क्वचित घडणारं आहे, आणि त्याच्या भीतीने लाखो लोकांनी गोळी सोडून सांधे धुमसत ठेवायचे हा उफराटा न्याय झाला. माझ्या रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टर मॅडम एकदा मला म्हणाल्या होत्या, "अहो, गोळी बंद करून तुम्ही धोका कमी नाही करत आहात, वाढवताय." त्या घाईत होत्या, बाहेर पन्नास पेशंट बसलेले, पण तेवढं एक वाक्य माझ्यासाठी पुरलं.

या गोळीची जन्मकथाही मला फार आवडते. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन करत होते, त्यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिडच्या विरोधात काम करणारी औषधं बनवली, त्यातलं अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये ल्युकेमियाच्या लहान मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये त्याचे निकाल जगासमोर आले. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंडं. १९५१ मध्ये अमिनोप्टेरिन आमवातासाठी वापरून पाहिलं गेलं आणि सांध्यांची सूज उतरली. म्हणजे मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरवरचंच औषध आहे, आजही काही लिम्फोमांमध्ये ते ग्रॅममध्ये शिरेतून देतात, आणि आपण आठवड्यातून एकदा घेतो ते साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. मात्र आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. रोज घेतल्याने माणसं गेलेली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर लिहा, फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी घ्यायला सांगितलं असेल तर तो वारही लिहा, आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.

बाकी औषधांचं पटकन सांगते. टीएनएफ, म्हणजे शरीरात सूज भडकवणारं एक प्रथिन, ते रोखणारी बायोलॉजिक इंजेक्शनं, अ‍ॅडालिमुमॅब, एटानरसेप्ट वगैरे, यांच्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००९ मध्ये लहान मुलं आणि किशोरवयीनांमधल्या लिम्फोमाबद्दल ठळक इशारा छापायला लावला. पण नंतर स्वीडन आणि ब्रिटनच्या नोंदवह्यांमध्ये मोठ्या माणसांना वर्षानुवर्षं पाहिलं तेव्हा ही इंजेक्शनं घेणाऱ्या आमवातवाल्यांमध्ये, न घेणाऱ्या आमवातवाल्यांपेक्षा लिम्फोमा जास्त आढळला नाही. टोफासिटिनिब या आमवातावरच्या नव्या गोळीच्या बाबतीत मात्र जरा जास्त जागं राहावं असं माझं मत. पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयविकाराचा एखादा तरी धोका असलेल्या ४३६२ पेशंटांवरची ट्रायल २०२२ मध्ये आली, त्यात टोफासिटिनिबवाल्यांमध्ये कॅन्सर ४.२ टक्के आणि टीएनएफवाल्यांमध्ये २.९ टक्के होता. आपल्याकडे ही गोळी स्वस्तात मिळते आणि भरपूर दिली जाते, तेव्हा वय जास्त असेल, सिगारेट-बिडी ओढत असाल किंवा आधी ओढत होतात तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की माझ्यासाठी हीच का. अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीबद्दलही काही अभ्यासांत धोका थोडा वाढलेला दिसलाय.

आणि हो, सगळे संधिवात एका माळेचे मणी नाहीत. अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या संधिवातात लिम्फोमाचा धोका असा स्पष्ट वाढलेला दिसत नाही. पण ज्यांना शोग्रेन्स आहे, म्हणजे डोळे कोरडे, तोंड इतकं कोरडं की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, त्यांच्यात तो आमवातापेक्षा बराच जास्त असतो. १९७८ च्या एका अमेरिकन अभ्यासात तर ४४ पट निघाला होता, नंतरच्या अभ्यासांत आकडा खाली आला पण तरीही मोठाच आहे. त्यांना गालगुंड झाल्यासारखी कानाखाली सूज येऊन ती उतरतच नसेल तर अजिबात अंगावर काढू नका. आमवातासोबत प्लीहा वाढलेली आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील, ज्याला फेल्टी सिंड्रोम म्हणतात, तिथेही धोका जास्त.

हे सगळं मी इतकं का वाचलं, तर माझ्या आत्यामुळे. आता तिच्याबद्दल. ती सोलापूर जिल्ह्यात राहते, शेतातलं सगळं करणारी बाई, आणि तिचा आमवात कितीतरी वर्षं कुणी आमवात म्हणून धरलाच नाही. वाताचं दुखणं आहे, वयाचं आहे, थंडीचं आहे. बोटं वाकडी झाली, मनगट सुजून वाटीएवढं झालं, आणि ती कुठल्यातरी वैदूकडच्या पुड्या खात राहिली कारण त्या खाल्ल्या की दोन तासांत उठून कामाला लागता यायचं. एवढ्या झटपट आराम पडतो तेव्हा बरेचदा पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा गोल व्हायला लागला, कातडी कागदासारखी पातळ झाली, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग काखेत गाठ आली. अवधाण आलंय म्हणून तिने हळद-चुना लावला. दुखत नव्हती, तेच तर वाईट, दुखली असती तर लवकर दाखवली असती. नंतर गळ्यात पण आली आणि जवळच्या एका दवाखान्यात बायोप्सी न करताच टीबीची औषधं सुरू झाली. मी त्या डॉक्टरांना पूर्ण दोष देऊ शकत नाही कारण आपल्याकडे गळ्यातली गाठ म्हटलं की टीबीच जास्त असतो, पण महिने गेले हेही खरंच. आणि त्यात भर म्हणजे पुडी चालू होती. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठ काही काळ आक्रसते, आणि त्या वेळात बायोप्सी घेतली तरी मायक्रोस्कोपखाली नीट निदान होत नाही असंही होऊ शकतं. गाठ लहान झाली की सगळ्यांना वाटलं टीबीच्या औषधांनी गुण आला. मग रात्री घामाने पातळ भिजून बदलायची वेळ यायला लागली, संध्याकाळी ताप, आणि वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

शेवटी पुण्याला आणली. तिथेही आधी सुईने पाणी काढून बघू असं चाललं होतं. इथे थोडं थांबून सांगते कारण हे फार महत्त्वाचं आहे. सुईची तपासणी, एफएनएसी, टीबी ओळखायला बरी पडते, पण लिम्फोमाचा संशय असेल तर ती सहसा पुरत नाही कारण सुईत फक्त सुट्या पेशी येतात, आणि लिम्फोमा कुठला ते कळायला ग्रंथीची आतली सगळी ठेवण बघावी लागते. म्हणून शक्य असेल तर अख्खी ग्रंथी काढून बायोप्सी करतात आणि मग त्यावर वेगळ्या तपासण्या करून बी पेशींचा की टी पेशींचा ते ठरवतात. चुलत्यांनी विरोध केला, सुरी लावली की कॅन्सर पसरतो म्हणाले. बायोप्सीने लिम्फोमा पसरत नाही, पण बायोप्सी न करता घालवलेल्या दिवसांत तो नक्की वाढतो, हे मी त्यांना हात जोडून सांगितलं. शेवटी आत्याच म्हणाली, "काढा की गं, तसंबी मरायचंच हाय तर कळू तरी दे कशानं." रिपोर्ट आला, डिफ्यूज लार्ज बी सेल.

घाबरू नका, गाठ आली म्हणजे लिम्फोमाच असं अजिबात नाही. आमवात जोरात असला की काखेतल्या ग्रंथी नुसत्या त्या सुजेमुळेही मोठ्या होतात, माझ्याही झाल्या होत्या, सोनोग्राफीत साध्या निघाल्या आणि सांध्यांची सूज उतरल्यावर त्याही उतरल्या. पण न दुखणारी, रबरासारखी लागणारी, काही आठवडे झाले तरी न उतरणारी किंवा वाढत जाणारी गाठ, सोबत रात्रीचा भिजवणारा घाम, कारण नसलेला ताप, सहा महिन्यांत दहाव्या हिश्श्याने उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टना दाखवा आणि आपण काय काय औषध घेतो, पुड्यांसकट, सगळं खरं सांगा. टीबीचा प्रश्न आपल्याकडे राहणारच, टीएनएफच्या इंजेक्शनांनी झोपलेला टीबी उठू शकतो म्हणून ती सुरू करायच्या आधी त्याची तपासणी करतात, तेव्हा टीबी की लिम्फोमा हे अंदाजाने ठरवू देऊ नका एवढंच.

आत्याला लिम्फोमासाठी जी कीमोची ट्रीटमेंट मिळाली तिला आर-चॉप म्हणतात, साधारण दर २१ दिवसांनी एक सायकल. त्यातला आर म्हणजे रिटुक्सिमॅब. हे औषध बी पेशींवरच्या सीडी २० नावाच्या खुणेला जाऊन चिकटतं आणि त्या पेशी संपवते. १९९७ मध्ये ते लिम्फोमासाठी मंजूर झालं, आणि २००६ मध्ये आमवातासाठी, कारण लंडनमधल्या जोनाथन एडवर्ड्स यांनी हिशोब मांडला की आमवाताच्या मुळाशी याच बी पेशी असतील तर त्या काढून बघू, आणि सांध्यांची सूज खरंच उतरली. लिम्फोमा आणि आमवात, दोघांच्या मुळाशी तीच पेशी, दोघांवर तेच औषध, मेथोट्रेक्सेटसारखंच. आणि आत्याच्या बाबतीत ते डोळ्यांनी दिसलं. केस गेले, तोंड आलं, उलट्यांनी हैराण झाली, पण दुसऱ्या-तिसऱ्या सायकलनंतर सकाळची जखडण गेली होती, मनगटाची सूज ओसरली होती, वाकडी बोटं सरळ झाली नाहीत पण दुखायची थांबली. ती नर्सला म्हणायची की कॅन्सरच्या दवाखान्यात येऊन माझा वात बरा झाला. मला तेव्हा आनंद झाला आणि रागही आला, की ही सूज इतक्या वर्षांआधी उतरवता आली असती की.

कारण हे काही दुर्मीळ दुखणं नाही. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने १९९६ पासून पुणे-सोलापूर रोडवरच्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांध्यांची दुखणी मोजली, त्यात आमवात साधारण अर्धा टक्का निघाला, म्हणजे दोनशे माणसांत एक. तुमच्या गल्लीत, तुमच्या वाडीत कुणीतरी आहेच. सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात, हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या तपासण्या करून घ्या आणि शक्य असेल तर रुमॅटॉलॉजिस्टकडेच जा. आणि गोळी सुरू झाली की महिन्या-दोन महिन्यांनी नुसतं बरं वाटतंय का एवढंच बघू नका, सुजलेले सांधे मोजून घ्या, सीआरपी कुठे आलाय ते विचारा, आजार शांत झालाय की नुसता दबलाय ते विचारा. मळमळ होते, लिव्हरचे आकडे वाढलेत, मूल हवंय, अशी गोळी बदलायची खरी कारणं असतात, त्यावर उपाय आणि दुसरी औषधं आहेत, पण ते डॉक्टरांशी बोलून. (मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट चालत नाही, हे आधीच सांगा.)

आत्याचा पुढचा प्रश्न होता की आता आमवाताला काय द्यायचं, कारण एकदा लिम्फोमा होऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर सहसा टीएनएफची इंजेक्शनं द्यायचं टाळतात, रिटुक्सिमॅब मात्र देता येतं. तिचे कॅन्सरचे डॉक्टर आणि सांध्यांचे डॉक्टर फोनवर एकमेकांशी बोलले आणि ठरवलं की सांधे परत सुजायला लागले तर रिटुक्सिमॅबचेच डोस द्यायचे. सध्या ती फॉलोअपवर आहे, स्कॅन साफ आलाय, आणि पुड्यांचा डबा तिच्या सुनेने उकिरड्यावर फेकलाय.